भंडारदऱ्यात चार मुक्काम: कुठल्या वाटा, कुठल्या क्रमाने?

शेंडीचा_पाहुणा
सप्टेंबरचा शेवटचा आठवडा. धरणाजवळच्या शेंडी गावात चार रात्री, म्हणजे पूर्ण दिवस तीन आणि निघायच्या दिवशीची सकाळ. माणसं पाच: आम्ही तिघे नेहमी चालणारे, एक दहा वर्षांचा मुलगा, आणि चौसष्ट वर्षांच्या आई (रोज पाच किलोमीटर चालतात, डोंगराची सवय नाही). गाडी स्वतःची, येणं-जाणं पुण्याहून. यादीत कळसूबाई, रतनगड, सांदण दरी, हरिश्चंद्रगड आहेत. काय ठेवू, काय गाळू? वेळा, पाणी, बूट वगैरे बारकावे सांगितलेत तर उत्तम.

घाटमाथा
आधी महिना बघा, मग यादी. सप्टेंबर अखेर म्हणजे परतीच्या पावसाचे दिवस. सकाळी लख्ख ऊन पडतं, अकरा-बाराला ढग चढायला लागतात आणि दुपारी दोन-तीननंतर विजांसह सर येते. हा जुलैचा संततधार पाऊस नव्हे. जुलैत माणूस भिजतो, सप्टेंबर अखेरीस वीज पडते. कळसूबाई आणि रतनगड या दोन्ही वाटांवर लोखंडी शिड्या आहेत, म्हणून नियम एकच: दुपारी एकच्या आत शिड्यांच्या खाली. त्यासाठी चालायला सुरुवात सकाळी सहाला. नाश्ता करून निघू म्हणालात की नऊ वाजलेच.

वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीसच्या आत ऐकू आला तर माथा, धार आणि शिडी सोडून खाली यायचं. एकटं उभं झाड किंवा गुहेचं तोंड हा आडोसा नाही. गुहेत थांबायचंच झालं तर आत सरकून, भिंतीला पाठ न लावता बसा.

सांदण यादीतून काढा. ती दोन किलोमीटरच्या आसपास लांबीची अरुंद भेग आहे. दोन्ही बाजूंना उभा कातळ, वर आभाळाची चिंधी. साम्रदच्या पठारावर पाऊस झाला की पाणी त्याच भेगेत उतरतं आणि आत असलेल्याला बाजूला व्हायला जागाच नसते. दिवाळी उलटून पाणी ओसरल्यावर जा. तेव्हाही मधल्या डोहात पाणी असतंच, गुडघ्यापासून कमरेपर्यंत.

क्रम असा ठेवा: पहिला दिवस रतनगड, दुसरा दिवस सगळ्यांसाठी हलका, तिसरा कळसूबाई. हरिश्चंद्रगड निघायच्या दिवशी, पाचनई गावाच्या वाटेने.

चौथी_शिडी
क्रमाशी सहमत. कळसूबाईबद्दल लिहितो, कारण "सर्वोच्च शिखर" म्हटलं की लोक भलत्याच गोष्टीला घाबरतात.

उंची 1646 मीटर. पायथ्याचं गाव बारी, घोटी-अकोले रस्त्यावर, शेंडीपासून गाडीने वीस मिनिटांच्या आत. चढ आठशेहून जास्त मीटरचा. वाट चुकायला वावच नाही: गाव, ओढा, खालचं देऊळ, मग पायऱ्या आणि शिड्या. नेहमी चालणाऱ्याला तीन तास, मुलासोबत चार. वाटेत लिंबू सरबत आणि भजीच्या टपऱ्या आहेत, पण पहाटे त्या उघडलेल्या नसतात. माणशी तीन लिटर पाणी सोबत घ्याच. शेवटच्या शिडीच्या आधी सपाटीवर विहीर आहे. ते पाणी गाळून, औषध टाकून मगच प्यायचं.

शिड्या भक्कम आहेत, बाजूला कठडे आहेत. अडचण येते ती उतरताना. चढताना प्रत्येकाचं तोंड शिडीकडे असतं, उतरताना लोक जिना उतरल्यासारखे पाठ करून येतात. टाच ओल्या पट्टीवरून घसरली की मागे टेकायला काही उरत नाही. उभी शिडी तोंड शिडीकडे करूनच उतरायची. दोन हात आणि दोन पाय यांतले तीन कायम टेकलेले, हलेल तो एकच. काठ्या मिटून सॅकमध्ये घाला, मनगटाला लटकवू नका. त्या पट्ट्यांत अडकतात. मुलाला मध्ये घ्या, एक मोठा माणूस त्याच्या खाली. खाली म्हणजे दोन पट्ट्या अंतराने. पायाला डोकं टेकेल इतकं जवळ नको.

आणि शनिवार-रविवार टाळा. सुट्टीच्या दिवशी शिडीला रांग लागते. मग तुम्ही सहाला निघालात तरी एकच्या आत खाली उतरण्याचं गणित बिघडतं. नवरात्रात तर माथ्यावरच्या देवीची यात्राच असते, तेव्हा तारीख पंचांगात बघून ठरवा.

शंकासुर
रात्री चढून वर सूर्योदय बघायची टूम आहे, तिचं काय? मुलाला आवडेल.

चौथी_शिडी
या महिन्यात नको. पहाटे माथा बहुतेक ढगात असतो. सूर्योदय दिसत नाही, थंडी मात्र वाजते. शिवाय रात्रभर जागलेले पाय सकाळी ओल्या पायऱ्या उतरतात. गुडघे आणि घोटे तिथेच जातात.

रानवाट
रतनगड. शेंडीहून मुतखेल, कोलटेंभे करत जलाशयाच्या काठाने रतनवाडीला पोचा, वीसेक किलोमीटर. रस्ता वळणांचा आहे आणि सकाळी गुरं रस्त्यावर असतात, पाऊण तास धरा. गाडी अमृतेश्वराच्या देवळाजवळ लावायची.

वाट प्रवरेच्या पात्राकडून सुरू होते. (प्रवरा इथलीच, रतनगडावर उगम पावते. पुढे विल्सन धरणात, म्हणजे भंडारदऱ्याच्याच धरणात अडते, ते धरण 1926 चं.) सुरुवातीला ओढा तीन-चारदा ओलांडावा लागतो. सप्टेंबर अखेरीस पाणी घोट्याइतकं असतं, पण माथ्यावर सर आली की तासाभरात गुडघ्यावर जातं. कधी परतायचं याची खूण सांगतो. पाणी गढूळ झालं, किंवा पात्रात पानं-काटक्या वाहत यायला लागल्या, तर वर पाऊस झालाय. गुडघ्यावर असलेलं गढूळ पाणी ओलांडू नका, काठावर थांबा. सह्याद्रीतले ओढे जसे चढतात तसेच दोन-तीन तासांत उतरतात.

त्यानंतर दाट जंगलातून चढ. पुढे एक फाटा लागतो, एक वाट कात्राबाईच्या खिंडीकडे म्हणजे हरिश्चंद्रगडाकडे जाते, दुसरी रतनगडाच्या शिड्यांकडे. गप्पांच्या नादात लोक इथेच चुकतात. फाट्यानंतर पंधरा-वीस मिनिटं चालूनही चढ अंगावर आला नाही तर मागे फिरा. शिड्या संपल्या की गणेश दरवाजा, मग गुहा, पुढे हनुमान दरवाजा. रतनवाडीपासून गडापर्यंत अडीच ते तीन तास.

गडाची उंची 1297 मीटर. नेढं चुकवू नका. कातळाला आरपार पडलेलं भोक, आत बसलं की एका बाजूला भंडारदऱ्याचं पाणी आणि दुसऱ्या बाजूला कोकण. वारा मात्र असा घुसतो की टोपी गेली म्हणजे गेलीच. मुलाला तिथे उभं राहू देऊ नका, बसूनच सरकायचं. तुमच्या तारखांना उतारावर सोनकी फुललेली असेल. पिवळा रंग बघून लोक वाट सोडून आत शिरतात. फुलं तुडवली जातात हे तर आहेच, शिवाय गवताखालची कड दिसत नाही.

शंकासुर
चढायचं रतनवाडीने आणि उतरायचं त्र्यंबक दरवाजाने साम्रदला, हे का नाही सुचवलं? गडाचं अर्धं वैभव त्या बाजूला आहे. खुट्टा सुळका डोळ्यांसमोर येतो.

रानवाट
कोरड्या दिवसांत तीच वाट अधिक सुंदर, मान्य. पण त्र्यंबक दरवाजाखालच्या कोरीव पायऱ्या उंच आहेत, झिजलेल्या आहेत आणि सप्टेंबरात त्यांवरून पाणी झिरपतं. खाली आडव्या वाटेवर गवत छातीपर्यंत आलेलं असतं. शिवाय गाडी राहते रतनवाडीत आणि माणसं साम्रदला, मग दुसऱ्या वाहनाची शोधाशोध. डिसेंबरात मोठ्या तिघांनी जरूर करा. एकूण सहा तास धरा आणि साम्रदला जीप आधी सांगून ठेवा.

शंकासुर
झिरपणाऱ्या पायऱ्या म्हणालात, तिथे हरलो. पुढे चालू द्या.

पाठीवर_बिऱ्हाड
बुटांबद्दल विचारलंय, ते सविस्तर लिहितो, कारण डोंगरात सगळ्यात जास्त वेळा फसवतात ते बूटच.

एक: कपाटात दोन-तीन वर्षं पडून असलेले बूट थेट डोंगरावर नेऊ नका. कित्येक बुटांच्या तळव्यातला मधला फोमसारखा थर हवेतल्या दमटपणाने आतून कुजतो. बाहेरून बूट नवाकोरा दिसतो आणि दुसऱ्या तासाला तळवा जिभेसारखा लोंबायला लागतो. घरी तपासा. बूट दोन्ही हातांनी मधोमध वाकवा, मग अंगठ्याने तळव्याच्या कडेचा थर दाबा. भेगा पडल्या, भुगा निघाला किंवा चिकट लागलं तर बूट बाद. आठवडाभर आधी ते घालून दहा किलोमीटर चाला.

वाटेत तळवा सुटलाच तर नायलॉनची दोरी चवड्याखालून नको, पायाच्या कमानीखालून घ्या. तिथे तळवा जमिनीला घासत नाही, म्हणून दोरी टिकते. वर आणून घोट्यापुढे फुली मारा, मागे टाचेवरून फिरवून पुढे गाठ. तीन मीटर दोरी आणि चार-पाच प्लॅस्टिकचे केबल टाय सॅकमध्ये टाकून ठेवा, वजन काहीच नाही.

दोन: उतरण्याआधी नाडी पुन्हा बांधा. टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवा आणि घोट्याजवळच्या दोन भोकांत नाडी घट्ट ओढा. पंजावर सैल चालेल. असं केलं नाही तर पाय पुढे सरकतो, अंगठ्याचं नख बुटाला ठेचत राहतं आणि दोन दिवसांनी काळं पडतं. नखं कापलेली हवीत, पण निघायच्या आदल्या रात्री नको, तीन-चार दिवस आधी.

तीन: ओला कातळ. हिरवं शेवाळ दिसतं म्हणून माणूस जपतो. फसवतो तो काळा, नुसता ओलसर चमकणारा पातळ थर. त्यावर टाच आधी टेकवू नका, अख्खा तळवा सपाट टेकवा, पावलं आखूड. शेजारी खडबडीत दगड किंवा गवताचा बुंधा असेल तर त्यावर पाय द्या. ॲक्शनच्या ट्रेकिंग बुटांचं नाव मराठी डोंगरभटक्यांत इतकं का निघतं? रबर मऊ आहे, कातळाला धरतं. झिजतंही लवकर, हा त्याचाच दुसरा भाग.

चार: पोंचो की जॅकेट? शिड्यांच्या दिवशी जॅकेट. पोंचो वाऱ्याने फुगतो आणि खालची पट्टी दिसत नाही. रतनवाडीत गावातून फिरताना साधी छत्री सगळ्यांत बरी.

शेंडीचा_पाहुणा
बूट वाकवून पाहिले. एका जोडीचा भुगा निघाला! नवीन घेतो. आईंसाठी काय? त्या कळसूबाईला खालच्या देवळापर्यंत येईन म्हणतात.

भाकरीठेचा
खालच्या देवळापर्यंत यायला हरकत नाही, पण मग तिथे सहा तास बसणार कोणाच्या सोबतीने? त्यापेक्षा दुसरा दिवस, जो सगळ्यांचा हलका आहे, तो काकूंच्या चालीचा करा.

जलाशयाभोवती रस्ता आहे: शेंडी, मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत, परत शेंडी. हे वर्तुळ गाडीने फिरायचं आणि तीन ठिकाणी उतरून चालायचं.

पहिलं रतनवाडी. अमृतेश्वराचं देऊळ शिलाहारकालीन मानतात. बाहेरच्या भिंतींवरची नक्षी आणि आतलं कोरीव छत सावकाश बघा. जवळच पुष्करणी आहे, चौकोनी, कडेने कोनाडे. पायऱ्या बुळबुळीत असतात, पाण्यापर्यंत उतरू नका. तिथून नदीकाठाने जंगलाच्या सुरुवातीपर्यंत जाऊन परत, साधारण तासाभराची सपाट वाट.

दुसरं कोलटेंभे. भात निसवायला आलेला असतो. शेताच्या बांधावरून चालताना एकामागे एक, कडेला नको, मधोमध. पावसाने बांध मऊ झालेला असतो. तुमच्या पायाने कड ढासळली की खाचरातलं पाणी जातं, आणि ते पुन्हा अडवायला शेतकऱ्याला बांध लिंपत बसावं लागतं. आधी विचारा, कोणी नाही म्हणत नाही. काळभात इथलाच, वासाचा. घरोघरी थोडाच असतो, मिळाला तर जरूर घ्या.

तिसरं घाटघरचा कोकणकडा. गाडीतळापासून अगदी थोडं चालायचं. समोर अलंग-मदन-कुलंगची रांग, खाली कोकण. ढग असतील तर वीस मिनिटं थांबा, पडदा सरकतो. पण कठड्याच्या आतूनच बघा. इथे पाऊस अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यात सर्वाधिक पडतो, तेव्हा छत्री गाडीत विसरू नका.

जेवण गावात सांगायचं तर सकाळी जातानाच सांगा: किती माणसं, किती वाजता, तिखट चालेल का. तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, भात. ऐनवेळी गेलात तर चूल पेटवण्यापासून सुरुवात, दीड तास. पैसे रोख न्या. रेंज गेली की मोबाइलवरून पैसे देणं बंद पडतं.

कडेकपारी
हरिश्चंद्रगड निघायच्या दिवशी, हे चांगलं सुचवलंय. शेंडीहून राजूरमार्गे पाचनई, गाडीने दीड ते दोन तास. पहाटे साडेचारला सामान गाडीत टाकून निघा. परत शेंडीला यायचं नाही, पाचनईहून कोतूळ, ब्राह्मणवाडा, ओतूर करत पुण्याची वाट धरायची.

गडाला वाटा अनेक. खिरेश्वरहून टोलार खिंडीने चार-पाच तास लागतात आणि मध्ये कातळटप्पा आहे. बेलपाड्याहून येणारी नळीची वाट तर दोर आणि अनुभव असलेल्यांचीच. पाचनई सर्वांत सोपी, दोन ते अडीच तास. सुरुवातीचा चढ झाला की वाट प्रचंड कातळाच्या पोटाखालून आडवी जाते. वरून धार गळते, चालणारा कोरडा. पुढे मंगळगंगेचा ओढा आणि मग देऊळ.

हरिश्चंद्रेश्वराचं देऊळ, सप्ततीर्थ पुष्करणी आणि केदारेश्वराची गुहा जवळजवळ आहेत. गुहेत कमरेइतक्या बर्फगार पाण्यात मोठं शिवलिंग. भोवतीच्या चार खांबांपैकी एकच शाबूत उभा आहे. पाण्यात उतरून प्रदक्षिणा घालणारे असतात. आत दगड निसरडे आहेत आणि पाणी इतकं गार की मुलाला पायात गोळा यायचा.

देवळापासून गडाचा कोकणकडा (घाटघरचा तो वेगळा) अर्धा तास. हा टप्पा धुक्यात फसवतो: पठार सपाट, वाटा अनेक, पाच पावलांवरचं दिसत नाही. फोनमध्ये नकाशा आधीच उतरवून ठेवा आणि देवळापाशी खूण टाका. कड्यापाशी रेलिंगच्या आतच थांबा. जिथे रेलिंग नाही तिथे कडेपासून दोन माणसांच्या उंचीइतकं अंतर ठेवून आडवं व्हा आणि पोटावर सरकत पुढे जा. कडा आत वळलेला आहे, वाटीसारखा. तुम्ही जिथे झोपता त्याखाली बरंच काही पोकळ असतं, म्हणून एका जागी चौघांनी गर्दी करायची नाही. खालून वारा इतक्या जोराने वर येतो की धबधब्याचं पाणी उलटं उडतं. चष्म्याला दोरी लावा.

उजेड साडेसहाच्या सुमारास संपतो, पण तुमची वेळमर्यादा उजेडाची नाही, विजेचीच. अकराला कड्यावरून परत फिरा.

शंकासुर
रतनगड ते हरिश्चंद्रगड चालतच जोडता येतो ना? कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई.

कडेकपारी
येतो, दोन दिवसांत, वाटाड्या घेऊन. खिंडीपलीकडे ढोरवाटांचं जाळं आहे. गुरांची वाट रुंद आणि मळलेली दिसते, ती पाण्याला किंवा गवताला जाऊन संपते; माणसांची वाट अरुंद असते पण दिशा सोडत नाही. हा फरक कळायला गावचा माणूस लागतो. या ताफ्यासाठी मात्र नाही.

घाटमाथा
राहिलेलं सांगून टाकतो. हा सगळा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, 1986 पासून. वनखात्याच्या नाक्यावर माणशी आणि गाडीची पावती फाडावी लागते, ती जपून ठेवा. गडावर मुक्कामाचे नियम बदलत असतात, तंबू न्यायचा असेल तर नाक्यावर आधी विचारा. पेट्रोल राजूर किंवा घोटीलाच भरून घ्या.

आग्यामोहोळ: रतनगड आणि हरिश्चंद्रगडाच्या कातळांना पोळी असतात. अत्तर, डिओ नको, गुहेजवळ धूर नको, आरडाओरडा नको. माश्या उठल्याच तर हात न हलवता, तोंड-डोकं कापडाने झाकून लांब निघा. वेळ मिळेल तेव्हा नांग्या लगेच खरवडून काढा.

साप: या दिवसांत फुरसं दगडाखाली, चापडा झुडपात. हात टेकण्याआधी बघा, अंधारात विजेरीशिवाय एक पाऊलही नको. चावला तर आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका. तो हात किंवा पाय फळीला बांधून हलू न देता, माणसाला चालायला न लावता उचलून खाली आणा. 108 ला फोन लागला तर ठीक, नाहीतर गावातल्या जीपने राजूरच्या ग्रामीण रुग्णालयाकडे.

शेंडीचा_पाहुणा
ठरलं तर मग. मंगळवार रतनगड, बुधवार आईंची फेरी, गुरुवार कळसूबाई, शुक्रवारी पाचनईमार्गे पुणे. एकच शंका: शुक्रवारी आई गडावर येणार नाहीत. पाचनईत चार-पाच तास त्यांची सोय होईल का?

भाकरीठेचा
होईल. गावात जेवण देणारी घरं आहेत, आदल्या दिवशी फोन करून ओसरी आणि जेवण दोन्ही सांगा. गाडीची किल्ली त्यांच्याकडे ठेवा. गाडीतलं सामान काढायला तुमची वाट बघत बसायला नको. आणि कितीला परत येणार ती वेळ त्यांना कागदावर लिहून द्या, वर रेंज असली तरी खाली असेलच असं नाही.